गोल्टी आणि आऊट
कांद्याचा उग्र वास आला की मंचरच्या बाजारातली ती सकाळ आठवते. बालवाडीतल्या माझ्या मुलीला लहान-मोठं कळावं म्हणून कांदे साठवायच्या बराखीपुढं आम्ही घरचे एक खेळ खेळायचो. मोठे कांदे एका ढिगात, बारीक गोल्टी दुसऱ्यात, चुकला तो आऊट. त्या दिवशी पोरगी माझ्यासोबत बाजारात आली होती. व्यापाऱ्यानं आमची गोणी उघडली. वर मोठे कांदे होते आणि खाली मी हळूच सारलेली गोल्टी. पोरीनं आत हात घातला, एक गोल्टी वर काढली आणि टाळ्या पिटत ओरडली, “पप्पा, तुमी आऊट!” व्यापारी पोट धरून हसला. “पावणं, पोरगी लई हुशार हाय!” म्हणाला आणि भाव गोल्टीचाच दिला. आता ती पुण्यात शिकते, तरी गोणी भरताना गोल्टी हाताला लागली की मी आधी मागं वळून बघतो.