चांदीच्या नळीतली तार

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. धारवाडच्या आमच्या प्रयोगशाळेत अतिवाहक तार करायचा ध्यास दोघांनी घेतला होता: मी, आणि माझ्याहून आठ वर्षांनी लहान असलेली एक सहकारी. ती मला अण्णा म्हणायची. द्रव नायट्रोजनच्या थंडीत विजेला जराही न अडवणारी एक नवी भुकटी तेव्हा जगभर गाजत होती. अडचण एवढीच, की तिची तार करायला गेलं की खापरासारखी तुटायची.

मी वर्षभर पुस्तकं चाळली. ती मात्र हुबळीला कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत एका चांदीकाम करणाऱ्या म्हाताऱ्याकडे जाऊन बसू लागली. त्याच्याशी कन्नडमध्ये गप्पा मारत तिनं तार ओढायला शिकून घेतलं. मग चांदीच्या नळीत भुकटी ठासायची, थोडं ओढायचं, थोडं तापवायचं, असं करत तिनं हातभर अखंड तार काढली. विजेचा अडथळा मोजणारा काटा शून्यावर आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पेटंटच्या अर्जावर तिचं एकटीचं नाव होतं. मध्ये मध्ये तापवण्याची कल्पना माझी, असं म्हणून मी विरोध नोंदवला आणि माझी प्रयोगवही पुरावा म्हणून जोडली. वहीतल्या एका जुन्या पानाच्या तळाशी जागा कोरी होती. तार मध्ये मध्ये तापवून पाहिल्याची ओळ मी तिथं मागाहून लिहिली होती.

मद्रासच्या पेटंट कार्यालयातल्या सुनावणीआधी ती नवनगरला माझ्या घरी आली. बायकोनं दिलेला चहा प्याली आणि त्या पानाची नक्कल माझ्यापुढे ठेवली.

"अण्णा, या पानावर तारीख आहे त्या महिन्यात आपली भट्टी बंद होती. दुरुस्तीला मीच नेली होती. मग तुम्ही तार तापवलीत कशात?"

मी ती नक्कल उलटी करून ठेवली.

"मी हे तिथं बोलणार नाही," ती म्हणाली. "काय करायचं ते तुम्ही ठरवा."

तब्येतीचं कारण देऊन मी विरोध मागे घेतला. तिला पेटंट मिळालं. वहीबद्दल तिनं कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर कळल्यावाचून राहिलं नसतं. माझी लाज राखली म्हणून तिचे उपकार मानायला हवे होते. पण तोवर तिच्या तारेचा हेवा वाटायचा, आता तिच्या मोठेपणाचाही वाटू लागला.