सारंगकाकांचा क्रोशा

सारंगकाकांच्या एका पंजात सोललेला नारळ सहज मावायचा. त्यांनी दारावर थाप मारली की आमच्या इमारतीच्या तिन्ही मजल्यांना कळायचं. असा हा माणूस दुपारी तीननंतर घराबाहेर दिसत नसे. "ह्यांना दुपारचं ऊन सोसत नाही," असं काकी सांगायच्या. ज्याने उभा जन्म मालवाहू बोटींच्या तापलेल्या डेकवर काढला, त्याला रत्नागिरीचं चार वाजताचं ऊन सोसू नये, याचं सोसायटीत कुणाला नवल वाटलं नाही. आमच्या सोसायटीला शंका येत, पण त्या फक्त पाण्याच्या टाकीबद्दल.

बोटीवरच्या खलाशांचा मुकादम तो सारंग. काकांचं खरं नाव तळमजल्यावरच्या टपालपेटीवर होतं आणि तिथेच राहिलं. मूळचे ते केळशीचे. दोन थोरले भाऊ तिकडची बाग सांभाळत. हे बोटीवरून निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत फ्लॅट घेऊन राहिले. बोलणं मोजकं. जिन्यात भेटलो तर "काय बाई, शाळा?" एवढं विचारत. मी "हो" म्हटलं की संभाषण संपायचं.

मी एका शाळेत भूगोल शिकवते. आमच्या कार्यानुभवाच्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मग मुख्याध्यापकांनी त्यांचे तास वाटून टाकले. क्रोशाकाम माझ्या वाट्याला आलं. मी म्हटलं, "सर, मला क्रोशाची सुई कशी धरतात तेही माहीत नाही." ते म्हणाले, "असं कसं? तुम्ही बाई आहात. करायला लागलात की येईल." हा नियम त्यांनी स्वतःला लावून घेतला असता तर पुरुष म्हणून शाळेची बस तेच चालवत असते. पण हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं, "बरं."

मोबाइलवर व्हिडिओ बघून पाहिलं. त्यातल्या मुलीची बोटं इतकी भरभर चालत की मी चौथ्यांदा थांबवून बघितलं तरी दोरा कुठून कुठे गेला ते कळेना. शेवटी सारंगकाकींकडे गेले. आमच्या भागात क्रोशा म्हटलं की सारंगकाकींचंच नाव निघायचं. कुणाच्याही मुलीचं लग्न ठरलं की रुखवतातला मोठा रुमाल त्यांच्याकडून जायचा आणि कार्डावर 'वधूने स्वहस्ते केलेला' असं लिहून मांडला जायचा. तोरणं, पर्स, बाळांची टोपडी. टीव्ही भिंतीवर गेले आणि त्यांची कव्हरं निरुपयोगी झाली तेव्हा त्यांच्या घरून वायफायच्या डब्याची कव्हरं निघू लागली.

काकींचा क्लास मंगळवारी आणि शनिवारी चार वाजता असे. आम्ही चौघी होतो. काकी गप्पांना रंगतदार, चहा उत्तम करायच्या. फक्त विणायच्या नाहीत. सुई हातात धरत, पण विणायची वेळ आली की गॅसवर काहीतरी असायचं. आम्ही आमचे नमुने दाखवले की म्हणत, "आणा बघू, आत उजेडात बघून येते." आतली खोली घरातली सर्वांत काळोखी होती. पाच मिनिटांनी नमुना परत यायचा तो सुधारून, आणि सोबत एखादी सूचना. "दोरा आरिया करा," त्या मला सांगत. म्हणजे सैल सोडा. हा शब्द मी आधी कुठल्याच शिवणक्लासात ऐकला नव्हता. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी तो वहीत लिहून घेतला. त्या म्हणाल्या, जुन्या लोकांची भाषाच वेगळी.

महिनाभर मी नुसती साखळी घालत होते. साखळी म्हणजे फासातून फास काढत जायचं, याहून सोपं क्रोशात काही नाही. माझी इतकी घट्ट यायची की पुढच्या ओळीत सुई आत शिरायची नाही. दर सोमवारी मी वर्गावर जाऊन सातवीच्या मुलींना, मी शनिवारी जिथवर पोचले होते तिथवर शिकवत असे. त्यातल्या दोघी माझ्या पुढे गेल्या. त्यांना मी सांगितलं की घाई बरी नाही.

एकदा कुणी पुढारी येणार म्हणून शाळा लवकर सुटली. मी तशीच क्लासला गेले. दार लोटलेलं होतं. "काकी," म्हणत आत गेले. काकी बाजारात गेल्या होत्या. आतल्या खोलीत खिडकीजवळ काका बनियनवर बसले होते. नाकावर चष्मा, त्या प्रचंड बोटांत दिसेल न दिसेल अशी सुई, आणि मांडीवर गेल्या वेळी इथेच राहिलेला माझा नमुना. निळ्या लोकरीचा. रविवारच्या पुरवणीखाली तो लपवायची त्यांनी धडपड केली, पण सुई कागदात अडकली आणि पुरवणी टर्रकन फाटली.

फाटलेली पुरवणी त्यांनी घडी करून बाजूला ठेवली. मग तेच म्हणाले, "बाई, तुमची साखळी फार आवळलेली असते. रागाने विणता काय?"

"बहुतेक," मी म्हटलं.

"कोणावर?"

"मुख्याध्यापकांवर."

"मग त्यांना शाळेत बोला. इथे दोरा आरिया करा. बसा."

मी बसले. 'आरिया' हा काकींचा नव्हे, बोटीवरचा शब्द होता. दोरा करंगळीला एक वेढा देऊन कसा सोडत जायचा ते त्यांनी दाखवलं. महिन्यात जे जमलं नव्हतं ते पंधरा मिनिटांत जमलं. चुकलं की ते फक्त "उसवा" म्हणत. मी म्हटलं, एवढं चालून जाईल. ते म्हणाले, "चूक पुढे नेऊ नये. ती वाढत जाते. उसवलेला दोरा काय फुकट जात नाही."

त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. बंदरात जागा मिळेपर्यंत बोट बाहेर नांगरून पडायची, कधी कधी महिनाभर. बाकीचे पत्ते खेळत. काका दर वेळी हरत. गोव्याचा एक म्हातारा कुक रिकाम्या वेळी क्रोशा विणायचा. त्याने शिकवलं. त्यानंतरच्या पहिल्या सुट्टीला काका एक मोठा रुमाल घेऊन केळशीला आले. सर्वांत थोरल्या भावाने तो उचलून विचारलं, हे कोणी केलं? काका वाकून पेटीचे पट्टे सोडू लागले. लग्नाला तेव्हा वर्षच झालेलं. काकी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी."

"तिने माझी लाज राखली," काका म्हणाले. "भावांना कळलं असतं तर गावभर नाव पडलं असतं. पुढे मी आणत गेलो, ती मी केलं म्हणत गेली. आता दोघांनाही मागे फिरता येत नाही."

चूक पुढे नेऊ नये, हे त्यांनीच पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. पण दर सोमवारी मी वर्गात काय करत होते ते मला ठाऊक होतं. मी सुई पुन्हा उचलली. त्या दिवसापासून क्लासच्या आधी अर्धा तास जाऊ लागले. काकींना ते कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. माझ्या खेपा वाचल्या."

पुढच्या हिवाळ्यात एका महिला मंडळाने हस्तकला प्रदर्शन ठरवलं. काकींचा सत्कार आणि त्यानंतर 'प्रेक्षकांसमोर प्रात्यक्षिक'. मंडळाच्या अध्यक्षा स्वतः आमंत्रण द्यायला आल्या आणि काकींनी नकार द्यायच्या आत छापील पत्रिका हातात ठेवून गेल्या. प्रदर्शनाला पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत काकांनी काकींना साखळी शिकवायचा प्रयत्न केला. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकत असे.

"हात मोकळा सोड गो."

"तीस वर्षं मोकळाच सोडलाय. आता कसला वळतोय?"

"उसव."

"तुम्ही मला उसव म्हणू नका. मी तुमचा खलाशी नाही."

प्रदर्शनाचा दिवस आला. सभागृह भरलं होतं. तीन भाषणं झाली. तिघींनीही सांगितलं की घर सांभाळून कला जोपासणं फक्त स्त्रीलाच जमतं. मग काकींना व्यासपीठावर खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या हातांवर मोबाइलचे कॅमेरे रोखले गेले. त्यांनी सात साखळ्या घातल्या. आठवीला सुई निसटली. पुन्हा घातली, पुन्हा निसटली. समोरची कुजबुज मला पाचव्या रांगेत ऐकू येत होती. कुणीतरी "वय झालं" म्हणालं.

काकींनी सुई खाली ठेवली आणि माइक ओढून घेतला. "हे मला येत नाही," त्या म्हणाल्या. "कधीच येत नव्हतं. सगळं ह्यांनी केलंय."

लोक हसले. त्यांना तो विनय वाटला. काकी हसल्या नाहीत. त्या मागे दाराकडे बघत राहिल्या, तशा एकेक करून सगळ्यांच्या माना मागे वळल्या. काका दाराशी उभे होते. तिथून निघून जाणं त्यांना सोपं होतं. रिक्षास्टँड वीस पावलांवर. त्यांनी चपला काढल्या, पूर्ण सभागृह ओलांडलं, व्यासपीठावर चढले आणि काकींच्या शेजारच्या खुर्चीत बसले. खिशातून चष्मा काढला. दहा मिनिटांत त्यांनी आठ पाकळ्यांचं फूल विणलं आणि काकींच्या हातात दिलं. काकींनी ते अंबाड्यात खोचलं. मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. वाजवणारी बराच वेळ मी एकटीच होते.

मग मंडळाची खरी अडचण सुरू झाली. सत्कार महिलांचाच करायचा असा ठराव होता. प्रमाणपत्रावर 'सौ.' छापलेलं. ताटात साडी, खण, नारळ. पडद्याआड बैठक बसली. निर्णय असा झाला की साडी आणि प्रमाणपत्र काकींना द्यावं, आणि पत्नीला प्रोत्साहन दिल्याबद्दल काकांना शाल घालावी. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो आला. खाली मथळा होता: 'पत्नीच्या कलेला पतीची मोलाची साथ'. मी रागाने तो पेपर घेऊन त्यांच्याकडे गेले. काका दोनदा वाचून म्हणाले, "तीस वर्षांत आमच्याबद्दल कोणी इतकं खरं लिहिलं नव्हतं. फक्त नावं उलटी पडली."

त्यानंतर काका बाहेरच्या खोलीत बसून शिकवू लागले. वरच्या मजल्यावरच्या वहिनी यायच्या बंद झाल्या. पुरुषाकडे क्रोशा शिकणं त्यांच्या मिस्टरांना बरं वाटेना. मिस्टरांचे सगळे शर्ट मात्र पुरुष शिंपीच शिवायचा. त्यांच्या जागी तिघी नव्या आल्या. मीही खांब, मुका खांब, जाळी, असे सगळे टाके शिकले. माझ्या वर्गातल्या मुली आता माझ्या पुढे जातात तेव्हा मी त्यांना घाई करू नका असं सांगत नाही. पुढे कसं गेलीस ते विचारते.

केळशीहून मात्र फोन आला नाही. पेपर तिथेही जातो. काका कधी विषय काढत नसत, पण गणपतीला गावी जायचं दोन वर्षं त्यांनी टाळलं. एकदा गुडघे दुखत होते, दुसऱ्या वर्षी क्लास होता.

गेल्या वर्षी होळी झाल्यावर आठवडाभरातच काका गेले. सकाळी चहा मागितला आणि तो येईपर्यंत थांबले नाहीत. चौथ्या दिवशी केळशीहून सर्वांत थोरले भाऊ आले. ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत, तसेच मोठे पंजे. काकींशी थोडं बोलले. मी पाणी द्यायला गेले तेव्हा हळूच विचारलं, "तो विणायचा म्हणे. त्याच्या हातचं काही आहे काय तुमच्याकडे?"

माझ्या पिशवीत काकांनी मला नमुना म्हणून करून दिलेला एक पांढरा रुमाल होता. मी तो दिला. त्यांनी तो मांडीवर पसरला आणि जाळीवरून बोट फिरवत राहिले.

"तुम्ही हसला असतात त्यांना," काकी समोरून म्हणाल्या.

"हसलोच असतो," भाऊ म्हणाले. मग रुमालाची कड सरळ करत म्हणाले, "पण वापरला असता."

आणि रुमालाची घडी घालून त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. मी परत मागितला नाही.