कुर्माघरात गेलेलं पुस्तक

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावात मी नवी नवी शिक्षिका. एका सकाळी शाळेत आले, तर चित्रांचं पुस्तक गायब आणि दुसरीतली सोमीही गैरहजर...

ते पुस्तक म्हणजे वर्गाचा जीव की प्राण. एक खोडकर पोरगी घरभर पीठ सांडते, आजोबांचं पागोटं मांजराला घालते आणि शेवटी आईच्या मांडीवर जाऊन लपते, एवढंच त्यात. घरी गोंडी बोलणाऱ्या पोरांना माझं मराठी अर्धंच कळायचं, पण ही चित्रं बघून पोरं लोळून लोळून हसायची.

दुपारी सोमीची आजी शाळेच्या दारात उभी. पोरगी आता शाळेत येणार नाही, तुमच्या पुस्तकानं तिला नको ते शिकवलं, म्हणाली.

झालं होतं असं, की सोमी पुस्तक घेऊन थेट कुर्माघरात शिरली होती. पाळी आली की गावातल्या बायका त्या वेगळ्या झोपडीत राहायच्या. त्यांना कुणी शिवायचं नाही, जेवणसुद्धा लांबूनच ठेवायचं. सोमीची आई तिथं होती, आणि ही पठ्ठी खुशाल तिच्या मांडीवर बसून पानं उलटत होती...

मी सुन्न. अहो, त्या झोपडीवरून मी रोज नदीला जायचे! मला वाटायचं, शेळ्या बांधत असतील. आणि आत माझ्याच वर्गातल्या पोरांच्या आया असायच्या!

दुसऱ्या दिवशी धीर करून तिच्या घरी गेले. सोमीला आंघोळ घालून घरात घेतलं होतं, पण देव कोपला तर काय, अशी गावभर कुजबुज चालू होती. एवढी चुणचुणीत पोर, शाळा सुटली तर संपलंच सगळं...

आजी अंगणात मोहफुलं निवडत होती. मी हात जोडून विनवण्या केल्या. ती फुलं निवडतच राहिली.

"पोरगी येईल उद्या," ती शेवटी म्हणाली. "पुस्तक नाई येत. तिथी गेलेलं बाहेर नाई काढत."

मी मान हलवली. गेलं तर गेलं, पोर तर वाचली.

मग मान वर न करताच ती म्हणाली, "बाया पाहून राह्यल्या ते. हासून राह्यल्या तिथी... आमच्या वक्ती तिथी नुसती भिंत होती पाहाले. दुसरं हाय का, बाई?"

मी तशीच शाळेकडे निघाले, दुसरं पुस्तक आणायला.

त्यानंतर शाळेतली आणखी पुस्तकं तिकडे गेली, जेवणाच्या डब्याशेजारी लांबून ठेवलेली... परत एकही आलं नाही. चित्रांची पुस्तकं पोरांसाठीच असतात असं कुणी म्हटलं, की आजही मी मनातल्या मनात त्या आजीचे पाय धरते.