डोळ्यांच्या मशिनसमोर मी

कल्याणच्या एका दवाखान्यात मी रेटिना कॅमेरा बसवत होतो. रेटिना म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा. मशिन लागलं की कुणाच्या तरी डोळ्याचा फोटो काढून बघावा लागतो. पेशंट कुणी नव्हता, म्हणून मीच हनुवटी टेकवली. डॉक्टरबाईंनी बटण दाबलं. त्यांनी स्क्रीनवरचा फोटो मोठा करून पाहिला.

"पाटकर, शुगर किती वर्षं आहे?"

"दहा-बारा असतील."

"आणि डोळे कधी तपासलेत?"

बावीस वर्षं मी डोळे तपासायची मशिनं दुरुस्त करत आलो. स्वतःचे कधीच तपासले नव्हते. दिसत होतं की!

आजाराचं नाव डायबेटिक रेटिनोपॅथी. शुगरमुळे पडद्याच्या रक्तवाहिन्या खराब होतात, मग नव्या, कच्च्या वाहिन्या उगवतात आणि त्या कधीही फुटतात. "याच आठवड्यात लेझर सुरू करू," बाई म्हणाल्या. मी आधी शीळफाट्याचं एक काम उरकायला घेतलं. त्यात तीन आठवडे गेले.

एका सकाळी दिवा गावातल्या घरी दाढी करताना उजव्या डोळ्यात काळी शाई उतरल्यासारखं झालं. आत रक्त साचलं होतं. ठाण्याला ऑपरेशन झालं, पण पडदाही सुटला होता. ती नजर परत आली नाही.

मग डाव्या डोळ्याला लेझर. स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र, त्याला लेझरचा जोड मीच बसवून दिलेला. लेझरच्या उष्णतेनं पडद्याला बारीक चटके देतात, म्हणजे त्या वाहिन्या सुकतात. "मुंगी चावल्यासारखं वाटेल," असं मी लोकांना सांगायचो. मुंगी कसली! कळ पार मेंदूपर्यंत गेली. बायको, संगीता, मागून माझं डोकं धरून उभी होती. "हलू नका हो," म्हणत तिनं डोकं आणखी घट्ट धरलं.

असं चार वेळा झालं. डाव्या डोळ्यानं वाचता येतं. बाजूचं दिसत नाही, अंधार पडला की चाचपडतो. बारीक जुळवाजुळवीला दोन्ही डोळे लागतात, त्यामुळे काम सुटलं. त्या तीन आठवड्यांसाठी मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. तुम्हाला शुगर असेल तर दिसतंय म्हणून थांबू नका.

संगीतालाही शुगर आहे. "मला काय धाड भरलीय?" म्हणत होती, तरी ओढत नेलं. बाईंनी तिचे दोन्ही डोळे नीट पाहिले. "पडदे स्वच्छ आहेत," म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर मी ढसाढसा रडलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.