युरोपच्या इतिहासानं मोडलेलं माझं लग्न

माझं जमत आलेलं लग्न युरोपच्या इतिहासामुळे मोडलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे मराठी, आणि मी इथल्याच एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो. स्थळ पुण्याचं. मेधाला इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागली आणि तिच्यापाठोपाठ आईवडीलही इथं राहायला आले. फोटो पाहिल्यापासून मी तिच्यावर इतका खूश होतो, की चक्क नवा शर्ट शिवला!

आम्ही तिच्या घरी गेलो. "वेलकम, प्लीज कम," म्हणत तिनं दार उघडलं. समोर परदेशी कोलाचे ग्लास आले, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, ताठ झाले.

"हे विदेशी आम्हाला चालत नाही. स्वल्प ताक द्या."

"स्वल्प?" मेधाचे बाबा हसले. "'थोडं' म्हणा की! इथं राहून कन्नडनं तुमचं मराठी जरा बिघडलंय हो."

"बिघडलंय? तीनशे वर्षं इथं राहून टिकवलंय आम्ही! तुम्हाला सहा महिने झाले नाहीत, अन् मुलगी दारातच 'प्लीज कम' म्हणते!"

"अहो, पण शुद्ध बोलायला काय हरकत?"

"चल रे, ऊठ!" अण्णा उभेच राहिले. आई त्यांचा सदरा खाली ओढत पुटपुटत होती, "सरी, सरी, ठीक आहे, बसा हो!"

मेधा हातची जात होती! काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मला एकाच विषयावर बोलता येतं.

"हे भांडण तुमचं नाहीच," मी ओरडलो. "हे युरोपातलं, दोनशे वर्षं जुनं आहे!"

दोघं चमकून माझ्याकडे वळले, अण्णा तर परत खाली बसले. तिथंच थांबलो असतो तर आज मला नातवंडं असती! पण मी सुटलो. उदारमतवाद आणि राष्ट्रवाद आधी जोडीनं राजांविरुद्ध कसे लढले, मग 'आपले कोण' यावरून त्यांचं कसं फाटलं, एक म्हणतो माणूस मोठा, दुसरा म्हणतो देश मोठा... पोहे गार झाले. अण्णांनी बेसावधपणे सगळा कोला पिऊन टाकला.

मेधानं हात वर केला. "मला जरा बोलायचं..."

"प्रश्न शेवटी!" (सवय!) "तर उदारमतवादाचा गाभा काय? प्रत्येकाला बोलायचं आणि आपला निर्णय आपण घ्यायचं स्वातंत्र्य!"

पंचेचाळीस मिनिटांनी मी थांबलो. अण्णा मेधाच्या बाबांना म्हणत होते, "घरी रोज असंच असतं हो." बाबांनी कळवळून त्यांचा हात धरला. समेट झाला! तारखांचीही बोलणी सुरू झाली. मी मनातल्या मनात मुंडावळ्या बांधल्या.

"आता बोलू?" मेधानं विचारलं. "सर, तुमचा उदारमतवाद मला हंड्रेड परसेंट पटला. माझा निर्णय मीच घेतलाय. नको."

वाईट वाटलं, फार वाटलं. पण खरं सांगतो, माझं व्याख्यान शेवटपर्यंत ऐकून लगेच त्याप्रमाणे वागलेली माझ्या उभ्या नोकरीतली ती एकमेव विद्यार्थिनी!