इन्साफच्या अकरा नळ्या

इन्साफ एकवीस वर्षं आमच्या नाईलकाठच्या हॉस्पिटलात रक्त काढते. नळ्या गरगर फिरवून रक्तातला पिवळा द्रव वेगळा करणारी यंत्रं मी तिथेच दुरुस्त करायचो. मी निवृत्त झालो, तिला अजून सहा वर्षं बाकी आहेत. काम चोख, जीभ तिखट. द्रवात जराशी लाली दिसली, म्हणजे पेशी फुटल्या, की नळी बाद.

डॉ. नरमीन ल्युपसवर संशोधन करत होत्या. या रोगात शरीर स्वतःवरच उलटतं. रक्तात आरएनएचे काही तुकडे असतात. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. रोग भडकला की त्यातला एक वाढतो का, हे त्या पाहत होत्या. रमजानात अकरा बायकांचे आकडे एकदम चढले.

"पेशी फुटल्यात तुझ्या हातून, म्हणून आकडे चढलेत," डॉक्टर इन्साफला म्हणाल्या. "गुरुवारी सगळ्या नळ्या फेकणार."

इन्साफचा मला फोन. आमच्याकडे मिस्त्रीला उस्ता म्हणतात. "उस्ता सुबही, हत्यारं घेऊन या. माझ्या एकवीस वर्षांवर पाणी पडतंय."

रोज्यात तीन मजले चढलो. लिफ्ट बंद. यंत्राचा वेग, तोल, थंडावा, सगळं तपासलं. ठणठणीत!

"तुझंच काही चुकलं असेल," मी वैतागून म्हणालो.

"तोंड सांभाळा."

शेजारी पेरूच्या रसाचे डबे रचलेले होते. रक्त दिलेल्या प्रत्येकीला ती एक देते.

"हे कोणाचे?"

"त्या अकरा जणींचे. प्यायल्याच नाहीत, पोट बिघडलंय म्हणाल्या."

"अकराही जणींचं?"

तिने कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी या बायकांना रोजे मना केले होते, आणि त्या चोरून धरत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने त्या अकरा जणींतल्या रावयाला बोलावलं. रावया शाळेत शिकवते. रोजा धरलास का, हे इन्साफने विचारलंच नाही.

"पहाटे सहेरीला काय खाल्लंस?"

"दही, काकडी," रावया बोलून गेली.

"आणि सकाळची स्टिरॉइडची गोळी?"

"इफ्तारनंतर घ्यायचे. झोप उडायची. म्हणून... सोडली. पंधरा दिवस झाले."

"अगं बये! आजाऱ्याला अल्लाने सूट दिलीय, ती घ्यायला तुझे हात दुखतात?"

"सासू रोजा धरते. तिच्यासमोर मी एकटी जेवू?"

"या रोगाने मूत्रपिंड गेल्यावर सासू आपलं देणार आहे का?"

अकरांपैकी नऊ जणींनी गोळ्या सोडल्याचं कबूल केलं. म्हणजे पेशी फुटल्या नव्हत्या, रोगच भडकला असणार. दोघी पोटाचंच सांगत राहिल्या. डॉक्टरांनी त्याच दिवशी सगळ्यांना तपासायला बोलावलं आणि नळ्या ठेवल्या. इन्साफला सॉरी म्हणाल्या नाहीत.

ईदनंतर रावयाचा आकडा उतरला. "एका आकड्याने काही सिद्ध होत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

इन्साफचा पुन्हा फोन. "यंत्र तपासून जा."

"बिघडलं?"

"नाही. पण आकडा उतरला तरी उद्या बोट माझ्याकडेच येईल."

मी हत्यारं उचलली. लिफ्ट अजून बंदच होती.