सामाईक ऊन

नळ फसफसला आणि बंद पडला. भर मे महिन्यात, सूर्य डोक्यावर असताना. गोदाने तोटी पुन्हा पिळून पाहिली.

लांज्याकडच्या या वाडीत लग्न होऊन आल्यापासून तिने खालच्या विहिरीचं पाणी डोक्यावरून वाहिलं होतं. नवरा भास्कर मुंबईला. बायकांनी मिळून विहिरीवर सोलर पंप बसवायचा आणि त्याची पॅनेलं वर सड्याच्या उघड्या कातळावर लावायची, हे तिनेच मनावर घेतलं आणि घरोघरचे उंबरे झिजवले. "उन्हावर पाणी चढवतेस? मग चांदण्यावर चाय पण कर गो," असं शेजारची जनी म्हणाली होती. तरी शेवटी घराघरातल्या बायकांनी पॅनेलांच्या चौथऱ्याला जांभ्याचे चिरे वाहिले आणि पंप लागला. त्या दिवशी गोदा ठासून म्हणाली होती, "हे कुणा एकीचं नाही. सामाईक आहे."

आता तो जळला असला तर वाडी पुन्हा तिचं ऐकणार नव्हती. रिकामा हंडा काखेत तसाच धरून ती सडा चढली आणि वर पोचताच जागीच थिजली.

पॅनेलं दिसतच नव्हती. एकावर आमसुलं, एकावर फणसपोळी, एकावर सांडगे. खाली अंथरलेल्या साड्यांची टोकं चौकटीला पक्की बांधलेली. चुलत सासू मथुराकाकी फणसपोळी चाचपत होती, जनी कावळे हाकत होती.

"काकी! हे काय?"

"ओरडतंस कशाला? कातळावर माती लागते. हितं बघ कसं आरशावानी!"

"पण पॅनेलवर?"

"तूच ना म्हणालीस सामाईक?" जनी म्हणाली. "मग सकाळीच वाटे पाडले नि आत्ता मांडलं. घरटी एक. भांडण नको."

इथे सामाईक म्हटलं की माणसाला आधी वाटणी आठवते, हे गोदा कशी विसरली?

"तुज्या वाट्याला कुणी हात लावला नाय हो," काकीने कडेचं मोकळं पॅनेल दाखवलं. "काय सुकवायचं ता आण."

गोदाने हंडा त्यावर अलगद उपडा ठेवला. थेंबही पडला नाही.

"हा घ्या. सुकूनच आलाय."

जनी खदखदून हसली. मग तिची नजर खाली नळाशी खोळंबलेल्या बायकांकडे गेली आणि हसू विरलं.

"म्हंजे पाणी... ह्याच्यान गेला?"

"ऊनच झाकलंत तुम्ही."

"अगो बाय माजे!" काकीने कपाळावर हात मारला. "येवडं ऊन पडलंय, आमी म्हटलं त्याला काय कमी पडतंय!"

तिनेच पहिली गाठ सोडली. फणसपोळी कातळावर गेली, मागोमाग आमसुलं. शेवटची साडी निघाली, तशी खालून हाक आली, "इला गो, पाणी इला!"